पट्टा, गोळी आणि गुडघा: एका फिटनेस ट्रॅकरचं प्रकरण

हे प्रकरण ज्यांचं आहे त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि त्यांना इथे नुसतं ‘ताई’ म्हटलं आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. ताई माझ्याकडे आल्या त्या गुडघ्यासाठी, पण गुडघ्याचं मूळ शोधता शोधता मनगटापर्यंत जावं लागलं.

पार्श्वभूमी

ताईंचं वय ५४. काम हिशेब विभागातलं, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. आकडा जुळल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. पुढे जे घडलं त्यात या स्वभावाचाही वाटा आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

एका नेहमीच्या तपासणीत त्यांचा रक्तदाब १४८/९४ निघाला. वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजला, तरी फारसा फरक नव्हता. अधूनमधून छातीत धडधड होते असंही त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, चोवीस तास ठोके सलग नोंदवणारं होल्टर यंत्र लावलं. काळजी करण्यासारखं काही निघालं नाही. रक्तदाब आणि धडधड या दोन्हींचा विचार करून डॉक्टरांनी बीटा ब्लॉकर गटातली, म्हणजे ठोके आवरणारी आणि रक्तदाब उतरवणारी गोळी सुरू केली आणि रोज चालायला सांगितलं.

त्याच पंधरवड्यात मुलाने आईला फिटनेस ट्रॅकर, म्हणजे पावलं, नाडी आणि झोप मोजणारा मनगटावरचा पट्टा, आणून दिला. हेतू चांगलाच होता. फक्त गोळी देणाऱ्या डॉक्टरांना पट्ट्याची कल्पना नव्हती, आणि पट्ट्याच्या अ‍ॅपमध्ये वय, उंची, वजन भरताना गोळीचा उल्लेख कुठेच आला नाही.

पहिले तीन महिने

या तीन महिन्यांबद्दल मी हातचं राखून लिहिणार नाही, कारण ते खरोखर चांगले गेले.

आपण दिवसभर बरंच चालतो अशी ताईंची समजूत होती. पहिल्या आठवड्याची सरासरी निघाली साधारण ३,२०० पावलं, आणि सुट्टीच्या दिवशी त्याहूनही कमी. ‘जास्त चाला’ हे त्यांनी आधी कितीतरी वेळा ऐकलं होतं, त्याने काही हललं नव्हतं. हा आकडा पाहिल्यावर मात्र हललं. जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं आणि संध्याकाळी अर्धा तास चालायला त्यांनी सुरुवात केली. तीन महिन्यांत सरासरी ७,००० च्या आसपास गेली आणि रक्तदाब १३४/८६ वर आला. यात गोळीचा वाटा मोठा होता, पण चालण्याचाही होताच.

ताईंचा अनुभव अपवादात्मक नाही. अशा उपकरणांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये ‘द लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. ट्रॅकर वापरणारे सरासरी दिवसाला सुमारे १,८०० पावलं जास्त चालतात, असं त्यात दिसलं. बसून काम करणाऱ्या माणसासाठी ही वाढ मोठी आहे. एरवी बिनबुडाचा राहणारा अंदाज पट्टा दुरुस्त करतो, आणि माझ्या मते त्याचा सगळ्यात भरवशाचा उपयोग हाच आहे.

अडचण

चौथ्या महिन्यात तीन गोष्टी एकात एक गुंतत गेल्या.

पहिली गोष्ट ‘सक्रिय मिनिटांची’. ताईंचा पट्टा नाडी ठरावीक मर्यादेच्या वर गेली तरच व्यायामाची मिनिटं धरत असे. ही मर्यादा काढायचं सूत्र जुनंच आहे: २२० वजा वय, म्हणजे ताईंसाठी कमाल ठोके १६६, आणि त्याच्या ७० टक्के म्हणजे ११६ च्या वर गेलं तर ‘जोमदार’ व्यायाम. मुळात हे सूत्र सरासरीचं आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत वीसचा फरक सहज असू शकतो. त्यातून बीटा ब्लॉकरचं कामच हृदयाचे ठोके आवरण्याचं. ताई घाम येईपर्यंत झपाझप चालल्या तरी नाडी ९८-१०० च्या पुढे सरकत नव्हती, आणि पट्ट्यावर मिनिटं शून्य दिसत होती.

आपलं चालणं कमी पडतंय, असा अर्थ ताईंनी लावला. समोर दिसणाऱ्या माहितीवरून दुसरा अर्थ निघालाही नसता. त्यांनी वेग वाढवला, मग जिने चढायला-उतरायला घेतले, मग थोडं धावणं. तेवढ्यात कार्यालयात आरोग्य उपक्रम सुरू झाला: चार-चार जणांचे गट, प्रत्येकाची रोज १०,००० पावलं, आणि कोणी मागे पडलं की तक्त्यात अख्खा गट खाली. ताईंनी एक दिवसही सोडला नाही. गुडघा दुखायला लागल्यावरही नाही, कारण त्यांच्या विश्रांतीची किंमत बाकी तिघांनी मोजली असती.

हा दहा हजारांचा आकडा आला कुठून, हे सांगायला हवं. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं, आणि त्याच्या नावातच हा आकडा होता. विक्रीसाठी तो उत्तम होता, वैद्यकीय संशोधनातून मात्र आलेला नव्हता. २०१९ मध्ये अमेरिकेत १६,७४१ वयस्कर स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होतं, आणि ७,५०० च्या पुढे त्यात आणखी फरक पडताना दिसला नाही. त्या स्त्रिया ताईंपेक्षा वयाने मोठ्या, त्यामुळे तेच आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण सात हजारांवर आलेल्या बाईला गुडघा दुखत असताना दहा हजारांकडे रेटायला आधार नव्हता, एवढं नक्की.

दुसरी गोष्ट यापेक्षा गंभीर. एका रात्री झोपेत ताईंची नाडी ४६ वर गेली आणि पट्ट्याने ‘ठोके कमी’ असा इशारा दिला. इशाऱ्याची मर्यादा कारखान्यातून ठरवून आलेली, ५०. बीटा ब्लॉकर घेणाऱ्या माणसाची नाडी गाढ झोपेत पन्नासच्या खाली जाणं अजिबात दुर्मीळ नाही. चक्कर, घेरी, असामान्य थकवा असं काही नसेल तर त्यासाठी रात्री धावपळ करावी लागत नाही, पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगितलं तरी चालतं. ताईंना यातलं काही माहीत नव्हतं. हृदय बंद पडेल या भीतीने त्या पहाटेपर्यंत जाग्या राहिल्या. पुढच्या आठवड्यात आणखी दोन इशारे आले, आणि त्यांनी कुणालाही न विचारता गोळी अर्धी केली. काही दिवस तर घेतलीच नाही.

ही गोळी अशी मनाने कमी-जास्त करणं धोक्याचं असतं. अचानक थांबवली तर रक्तदाब आणि ठोके दोन्ही उसळू शकतात. तसंच झालं. धडधड परतली, आणि पुढच्या भेटीत रक्तदाब १५६/९६ भरला. गोळी अर्धी केल्याचं ताईंनी संकोचापोटी सांगितलं नाही. मात्रा अपुरी पडतेय असं समजून डॉक्टर ती वाढवण्याच्या विचारात होते. दोन आठवडे रक्तदाबाची नोंद ठेवा, मग ठरवू, असं म्हणून त्यांनी निर्णय पुढे ढकलला, हे नशीबच म्हणायचं.

तिसरी गोष्ट झोप. सकाळी उठल्यावर पहिली नजर झोपेच्या गुणांवर. सात तास झोपून ताजंतवानं वाटत असलं, तरी शंभरपैकी ५८ दिसले की दिवसभर थकवा. गुण वाढावेत म्हणून ताई रात्री तासभर आधी अंथरुणात जाऊ लागल्या. झोप न येता पडून राहण्याचा वेळ वाढला, झोप तुटक झाली आणि गुण आणखी घसरले.

झोपेचे टप्पे खऱ्या अर्थाने ओळखायला मेंदूच्या लहरी मोजाव्या लागतात. मनगटावरचा पट्टा हालचाल आणि नाडी यांवरून अंदाज बांधतो. माणूस झोपला आहे हे तो बऱ्यापैकी ओळखतो, पण जागेपणी निश्चल पडून राहणारा माणूस त्याला अनेकदा झोपलेलाच वाटतो. गाढ झोप किती मिनिटं आणि स्वप्नांची किती, या आकड्यांवर तर फारच कमी भार टाकावा. ट्रॅकरच्या आकड्यांपायी झोप बिघडलेल्या रुग्णांची वर्णनं २०१७ पासून वैद्यकीय नियतकालिकांत आलेली आहेत. पट्टा देत असलेल्या आकड्यांत मला सर्वांत कमी उपयोगाचा वाटतो तो झोपेचा गुण, आणि चिंताळ माणसाला सर्वांत लवकर पकडतो तोही हाच.

गाठ कशी सुटली

गुडघ्याच्या तपासणीत वाटीमागच्या भागावर ताण आल्याची लक्षणं होती. अचानक वाढवलेले जिने आणि धावणं हे त्याचं नेहमीचं कारण. इतकं एकदम का वाढवलं, असं विचारल्यावर ताईंनी अ‍ॅप उघडून दाखवलं: ‘मिनिटंच मिळत नाहीत हो.’ कोणत्या गोळ्या चालू आहेत या प्रश्नावर त्या जरा थांबल्या, आणि मग अर्ध्या गोळीची गोष्ट बाहेर आली.

त्या क्षणी गुडघा मागे पडला. हे डॉक्टरांना आजच कळायला हवं, फोन तुम्ही करता की मी करू, एवढंच मी विचारलं. ताईंनी स्वतः केला. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या नाडीची पहिल्या दिवसापासूनची नोंद घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या.

ज्या नोंदीने ताईंची झोप उडवली, तीच डॉक्टरांच्या कामी आली. गोळी सुरू होण्याआधीचे थोडे दिवस, पूर्ण मात्रेचे महिने आणि अर्ध्या मात्रेचे आठवडे यांत विश्रांतीतल्या नाडीची पातळी स्पष्ट वेगळी दिसत होती. मनगटावरचा हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्तप्रवाहातल्या चढउतारावरून ठोके मोजतो. हात हलता असेल, पट्टा सैल असेल, तर त्यात चुका होतात. पण माणूस शांत झोपलेला असताना मिळालेली सरासरी बरीच विश्वासाची असते.

समोरचे पर्याय

पुढच्या चर्चेत ताई, त्यांचा मुलगा, डॉक्टर आणि मी असे सगळे होतो. चार पर्याय निघाले.

पट्टा कायमचा काढून ठेवणं हा डॉक्टरांचा पहिला कल होता. भीतीचं कारणच जाईल, आणि रक्तदाब मोजायला घरी यंत्र आहेच. ताई याला तयार नव्हत्या. पट्टा नसता तर मी चालायला लागलेच नसते, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

मुलाचं म्हणणं, ईसीजी काढणारं जास्त अचूक घड्याळ घेऊ. आईची काळजी मिटेल, ही त्यामागची भावना. पण इथे पट्ट्याने नाडी चुकीची मोजलेलीच नव्हती. ४६ म्हणजे ४६ च होते. चूक झाली ती अर्थ लावण्यात, आणि जास्त अचूक यंत्राने तीच चूक जास्त वेळा झाली असती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका रुग्णवृत्तात हृदयाच्या लयीचा विकार असलेल्या ७० वर्षांच्या एका बाईंनी घड्याळावर वर्षभरात ९१६ वेळा ईसीजी काढल्याचं नोंदलं आहे. प्रत्येक नोंद त्यांना थोड्या वेळापुरती शांत करायची, मग पुढच्या शंकेला जागा मिळायची. डॉक्टरांनी हे सांगितल्यावर मुलाने तो विषय सोडला.

तिसरा पर्याय, पट्टा घालायचा पण आकडे मनावर घ्यायचे नाहीत. सांगायला सोपं, पण ज्या बाई हिशेब जुळल्याशिवाय उठत नाहीत त्यांच्याकडून ही अपेक्षा करणं अन्यायाचं होतं.

चौथा, पट्टा ठेवायचा, पण त्याने काय दाखवायचं, कधी दाखवायचं आणि ते कोणी वाचायचं हे आपण ठरवायचं. यात खटपट जास्त होती, आणि फसला तर पहिल्या पर्यायावर यायचं ठरलं.

काय केलं

सर्वांत आधी गोळी. डॉक्टरांनी आधीची गोळी एकदम न थांबवता टप्प्याटप्प्याने कमी केली आणि रक्तदाबासाठी वेगळ्या गटातली सुरू केली. धडधडीसाठी थोडी मात्रा राहू दिली. घरच्या यंत्रावर सकाळ-संध्याकाळ रक्तदाबाची नोंद सुरू झाली.

पट्ट्यावरची सक्रिय मिनिटं बंद केली. त्यांच्या जागी बोलून पाहण्याची कसोटी आणली: चालताना सलग बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे जोर पुरेसा. ती सोपी आहे आणि ठोके आवरणाऱ्या गोळीने बिघडत नाही. ताईंना ती आधी पटली नाही, आकडा नसलेलं माप त्यांना मापच वाटेना. दोन आठवडे बरोबर चालून पाहिल्यावर विश्वास बसला.

पावलांचं रोजचं लक्ष्य काढून आठवड्याची सरासरी ठेवली, ६,००० ते ७,०००. आठवड्यातून एक दिवस ठरवून कमी चालायचं. गुडघ्यासाठी मांडीच्या आणि नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम दिले. जिने आणि धावणं काही काळ बंद. स्नायूंच्या व्यायामाची पावलं मोजली जात नाहीत, त्यामुळे त्या दिवशी पट्टा ‘कमी हालचाल’ म्हणतो. ताईंनी त्याकडे दुर्लक्ष करायला शिकावं म्हणून तो इशाराही बंद केला.

रात्री पट्टा काढून दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. उठण्याची वेळ पक्की, झोप आल्याशिवाय अंथरुणात जायचं नाही.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती अनियमित ठोक्यांच्या इशाऱ्यावर. सगळेच इशारे बंद करावेत असं मला वाटत होतं, डॉक्टरांना तसं वाटलं नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅपल हार्ट स्टडीत चार लाखांहून अधिक लोक होते, आणि असा इशारा आला फक्त ०.५२ टक्क्यांना. इशाऱ्यानंतर ज्यांनी छातीवर ईसीजी नोंदवणारी पट्टी लावून नोंद पाठवली, त्यांपैकी ३४ टक्क्यांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके अनियमित पडण्याचा विकार, सापडला. हा विकार येत-जात असल्यामुळे नंतरच्या नोंदीत तो न दिसणं म्हणजे इशारा खोटा होता असंही नाही. डॉक्टरांचं म्हणणं असं की हा इशारा क्वचित येतो आणि आलाच तर वेळीच उपचाराने पक्षाघाताचा धोका कमी करता येतो, तेव्हा ताईंच्या वयाला आणि रक्तदाबाला तो राहू द्यावा. मला ते पटलं. मात्र कागदावर लिहून दिलं: इशारा आला तर कामाच्या वेळेत डॉक्टरांना फोन, छातीत दुखणं, धाप, घेरी यांपैकी काही असेल तर इशारा असो-नसो, तात्काळ रुग्णालय, गोळीला हात लावायचा नाही.

कार्यालयातल्या स्पर्धेतून बाहेर पडणं ताईंना सर्वांत जड गेलं. गटाला काय सांगायचं हा प्रश्न होता. शेवटी ‘गुडघ्याचे उपचार चालू आहेत’ एवढंच सांगितलं आणि ते सगळ्यांनी समजून घेतलं. त्यानिमित्ताने कळलं की उपक्रमात सहभागी होताना ताईंनी पावलांसोबत नाडी आणि झोप पाहण्याचीही परवानगी देऊन टाकली होती. ती मागे घेतली. आपल्या रात्रीच्या ठोक्यांची नोंद वरिष्ठांपर्यंत जायचं काहीच कारण नव्हतं.

परिणाम

सहा महिन्यांनी रक्तदाब १२८/८२ च्या आसपास स्थिर आहे. गुडघ्याचं दुखणं दहा आठवड्यांत जवळपास गेलं, जिने उतरताना कधीतरी जाणवतं. पावलांची सरासरी ६,५००.

झोप सुधारली, पण लगेच नाही. पट्टा काढल्यावर पहिले दोन आठवडे ताईंना जास्तच अस्वस्थ वाटलं. नाडी कमी झाली तर कळणार कसं, ही भीती. मधे तापाच्या आजारपणात त्यांनी तो रात्री पुन्हा घातला आणि चार-पाच दिवस सकाळची गुण पाहण्याची सवय परतली. ते त्यांनी स्वतःहून सांगितलं, ही मला खरी प्रगती वाटते.

वजन मात्र जेमतेम किलोभर उतरलं, आणि ताईंना त्याचं वाईट वाटतं. पट्ट्यावरचे कॅलरीचे आकडे पाहून त्यांनी जास्त अपेक्षा धरली होती. २०१७ मध्ये स्टॅनफर्डमध्ये सात उपकरणं तपासली गेली, तेव्हा सहांची नाडीची चूक पाच टक्क्यांच्या आत होती, पण कॅलरीच्या बाबतीत सर्वांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूकही २७ टक्के निघाली. २०१६ च्या एका दोन वर्षांच्या चाचणीत तर आहार-व्यायामाच्या कार्यक्रमाला ट्रॅकरची जोड मिळालेल्या तरुणांचं वजन सरासरी ३.५ किलो उतरलं आणि ट्रॅकरशिवाय तोच कार्यक्रम करणाऱ्यांचं ५.९ किलो. वजनासाठी म्हणून पट्टा घेणाऱ्याला मी हे आधीच सांगतो.

वेगळं काय करता आलं असतं

गोळी लिहून देताना ‘मनगटावर काही घालता का?’ हा प्रश्न विचारला गेला असता, तर पुढचं बरंच टळलं असतं. रात्री ठोके पन्नासच्या खाली दिसतील आणि त्यात घाबरण्यासारखं नाही, हे एक वाक्य पुरलं असतं. ताईंचे डॉक्टर आता हा प्रश्न प्रत्येकाला विचारतात. नाडीच्या गतीवर परिणाम करणारी गोळी चालू आहे का, हे अ‍ॅपनेही नोंदणीच्या वेळी विचारायला हवं. तसं झालं तर वयावरून काढलेली मर्यादा तिथल्या तिथे बाजूला ठेवता येईल.

पट्टा भेट देणाऱ्यानेही पहिल्या दिवशी शेजारी बसून कोणते इशारे चालू आहेत ते पाहावं. कारखान्यातून त्यातले बरेच चालूच येतात. आधी फक्त पावलं ठेवावीत, आणि महिनाभराने हवं तर आणखी एखादं माप जोडावं.

कार्यालयाने स्पर्धा ठेवायचीच असेल, तर रोजच्या आकड्याऐवजी प्रत्येकाची स्वतःच्या आधीच्या सरासरीवरची वाढ धरावी आणि आठवड्याचा एक दिवस हिशेबातून वगळावा. ताईंनी तसा अर्ज दिला आहे, परवानग्यांच्या यादीतून नाडी आणि झोप काढून टाकावी या मागणीसह. उत्तर अजून आलेलं नाही.